अंगठ्याखालचे माप

लोणच्याची बरणी ज्या कापडात गुंडाळून आली होती ते कापड उलगडताना ओळख आधी सैदालवीच्या बोटांना पटली, डोळ्यांना नंतर. कॉलरच्या आतल्या कडेने पांढऱ्या सुताचा कच्चा टाका धावत गेलेला होता. लांब, सैल, दर चौथ्या टाक्याला किंचित डावीकडे झुकणारा. असा टाका शारजात दुसरे कोणी घालत नसे. खोक्यात दबून कॉलर मोडू नये म्हणून घरी पाठवायच्या प्रत्येक सदऱ्याला सैदालवी तो घाली, आणि सदरा पहिल्यांदा अंगात चढवण्याआधी एका ओढीसरशी तो काढून टाकायचा असे. हा सदरा गेल्याच्या गेल्या ईदेला मुलासाठी, नौफलसाठी, शिवलेला, फिकट आकाशी, खिशावर दुहेरी शिलाई. टाका जिथल्या तिथे होता. सदऱ्याच्या पाठीवर तिळाच्या तेलाचा रुपयाएवढा डाग पसरला होता, आणि तेवढा डाग सोडला तर तो इतका कोरा होता की दुकानातल्या काचेच्या कपाटात टांगला असता तर गिऱ्हाइकाने किंमत विचारली असती.

दुपारचा दीड वाजून गेला होता. रोला चौकामागच्या त्या गल्लीतली सगळी दुकाने मधल्या सुट्टीसाठी अर्ध्या शटरवर आली होती, आणि शटरखालून उन्हाची एक पांढरी पट्टी फरशीवर आत शिरून कापडाच्या चिंध्यांपाशी थांबली होती. त्याच्या हाताखालचा कारागीर बीरान सकाळच्या विमानाने गावाहून परतला होता. दीड महिन्याच्या रजेचा ओलावा अजून त्याच्या कातडीवर होता. केसांना खोबरेल होते. निघण्याच्या आदल्या दिवशी तो रिवाजाप्रमाणे सैदालवीच्या घरी जाऊन त्याच्या बायकोने, रुखियाने, बांधून ठेवलेले खोके घेऊन आला होता, जसा सैदालवी आपल्या प्रत्येक रजेत बीरानच्या घरी जाऊन आला होता. बेतायच्या मेजावर पाय सोडून तो म्हणाला, "बरणी फुटली नाही यासाठी मला काहीतरी द्या, इक्का. विमानात मांडीवर घेऊन बसलो होतो. बायकोसुद्धा एवढा वेळ कधी बसली नाही." मग सैदालवीच्या हातातल्या सदऱ्याकडे त्याची नजर गेली, आणि ती इतक्या घाईने तिथून निघून छताच्या पंख्याकडे गेली की सैदालवीला कळले, हा घरी जाऊन मुलाला पाहून आला आहे, याला माहीत आहे.

सैदालवीने गळ्यातला टेप काढला आणि सदरा मेजावर पसरून खांदा मोजला. साडेसोळा. बरोबर साडेसोळाच बेतला होता. तीन वर्षे आणि चार महिन्यांपूर्वी, शेवटच्या रजेत, त्याने नौफलला मागच्या दारात उभे करून मोजले होते. मुलगा तेव्हा सोळाचा. काखेत टेप गेला की गुदगुल्या होऊन वाकायचा, आणि त्याची उम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, नीट उभा राहा, उप्पाला माप घेऊ दे. खांदा सोळा, लांबी सत्तावीस, बाही साडेबावीस. ते आकडे त्याने वहीत लिहिले नाहीत. घरच्या माणसाची मापे वहीत लिहायची असतात हे कधी त्याच्या मनातच आले नाही. नंतर दर ईदेला तो त्यांत हिशेबाने भर घालत गेला: वर्षाला खांद्यात अर्धा इंच, लांबीत एक, बाहीत पाऊण. मूल किती वाढते याचा अंदाज कोणत्याही शिंप्याला असतो. गल्लीतल्या अरबांची मुले दर ईदेला दारातून आत येत आणि अंदाज खरा ठरे. आतून तो दीड इंचाची दुमडही ठेवी, लागलीच तर उसवून सोडता यावी म्हणून. आता या सदऱ्याची खालची कड त्याने उलटून पाहिली. दुमड उसवलेली होती. जुन्या शिलाईची भोके एका ओळीत मुंग्यांसारखी चालत गेली होती, आणि ती सोडूनही सदरा अपुरा पडला असावा, कारण नंतर ती कड पुन्हा कोणी शिवली नव्हती; तशीच, दशा लोंबत्या, घडी घालून ठेवून दिली होती.

रोज दुपारी तो नौफलला पाहत असे. फोनच्या काचेत मुलगा येई, कपाळापासून गळ्यापर्यंत. कधी ओठांवरची मिशीची रेघ गडद झालेली, कधी दाढी खरवडताना कापलेले. काच छातीपाशी संपे. त्या चौकटीच्या खाली मुलाला पाय आहेत, ते पाय लांबत चालले आहेत, दाराची चौकट त्याच्या डोक्याकडे सरकत आहे, हे त्याला माहीत नव्हते असे म्हणता आले नसते; पण त्याने कधी म्हटले नाही की फोन लांब धर, उभा राहा, मला पुरता दिसू दे. सदरा मिळाला का? मिळाला, उप्पा. बसला का? छान बसला. एवढे बोलणे दर ईदेला होई आणि दोघेही त्या बोलण्यातून हलक्या पावलांनी बाहेर पडत.

आणि आज असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या अजानपूर्वी त्याला हाजीक्कांना एक कागद पाठवायचा होता. हाजीक्का दुकानाचे मालक, सैदालवीच्याच गावचे, परप्पनंगाडीचे, मधुमेहाने एक डोळा गेलेला. रजेच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि दुकान सैदालवीवर टाकून ते गेले, म्हणून त्याची मागची रजा हुकली ती हुकलीच. त्या उपकाराची फेड म्हणून की काय, सैदालवीने भीत भीत शब्द टाकताच ते हो म्हणाले होते. रमजान तोंडावर आला आहे, हात कमी आहेत. तुझ्या मुलाला बोलावून घे. दोन वर्षे तुझ्या हाताखाली शिकेल, मग तू सुखाने जा, तो तुझ्या मेजावर उभा राहील. व्हिसासाठी नौफलच्या पासपोर्टची प्रत रुखियाने आठवड्यापूर्वीच फोनवर धाडली होती. ती पुढे सरकवायची, एवढेच. सकाळपर्यंत त्याला वाटत होते की एकोणतीस वर्षांत आपण एक धड गोष्ट करून दाखवतो आहोत. आता फोन मेजावर, सदऱ्याच्या मोकळ्या बाहीशेजारी, पालथा पडला होता, आणि त्याला हात लावण्याचे त्याच्या जिवावर आले होते.

थकवा होता, पण कशाचा, हे नीट बोट ठेवून सांगता येण्यासारखे नव्हते. पायांचा म्हणावा तर पाय एकोणतीस वर्षे उभेच होते. त्या पांढऱ्या रंगाचा असेल. भिंतीला लावलेले पांढऱ्या कापडाचे तागे, दहा प्रकारचे पांढरे, त्यांतला फरक गिऱ्हाइकाला उन्हात नेऊन दाखवावा लागे. मेजावर पांढरे, डोळे मिटले तरी पापणीआड पांढरे. तो बाविसाव्या वर्षी आला तेव्हा थोरल्या भावाने त्याला बोलावून घेतले होते, आणि तेव्हाही कोणी विचारले नव्हते; म्हणजे विचारले होते, येतोस ना रे, असे, आणि त्याने येतो असे म्हटले होते. त्या 'येतो'च्या मागे काय होते ते आज त्याला आठवेना. एक सायकल होती बहुधा. तिची घंटी दुरुस्त करायची राहिली होती.

बीरान एव्हाना मेजाखाली चटई पसरून पडला होता, पण झोपला नव्हता. झोपलेल्या बीरानचा श्वास सैदालवीला ठाऊक होता. त्याने वाकून म्हटले, "बीरान, पोरगा केवढा झालाय?"

खालून उत्तर आले, "चांगला आहे, इक्का. तब्येत चांगली आहे."

"मी तब्येत नाही विचारली."

"मला दारातून वाकून जावं लागलं नाही," बीरान म्हणाला, "त्याला लागलं." आणि कूस बदलून तो भिंतीकडे वळला.

सैदालवीने मापांची वही ओढली. कव्हर गेलेली, तेलकट, दोनदा नव्याने बांधलेली ती वही म्हणजे या गल्लीच्या आजूबाजूच्या पुरुषांची शरीरे होती. कोण कधी सुटला, कोण आजारातून उठला, कोणाच्या पोटाने कोणत्या वर्षी मान टाकली, सगळे तिच्यात होते. फक्त म्हाताऱ्यांची पाने खोटी होती. हा रिवाज त्याला त्याच्या मास्टरने शिकवला होता आणि त्याने बीरानला: म्हातारा माणूस आरशासमोर उभा राहिला की टेप खांद्यापासून घोट्यापर्यंत सोडायचा, खालच्या टोकाशी अंगठा दाबायचा, डोळ्यांनी खरा आकडा वाचायचा आणि तोंडाने जुना बोलायचा. वहीतही जुनाच लिहायचा. कापड मात्र अंगठ्याखालच्या मापाने बेतायचे. झगा अंगावर पडला की टाचेपाशी नेमका टेकतो, म्हातारा आरशात बघतो, आणि दोन इंच झिजल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अबू उबैद असाच. पूर्वी त्याची मासेमारीची लाँच होती, आता मुलगे कचेऱ्यांत बसतात आणि तो सकाळी धक्क्यावर जाऊन दुसऱ्यांच्या बोटी मोजतो. त्याच्या पानावर चौदा वर्षे साठ लिहिलेले आहे. याच आठवड्यात तो ईदेच्या झग्यांसाठी आला, काठी भिंतीला टेकवली, आरशासमोर छाती काढून उभा राहिला आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "साठच ना?" सैदालवी गुडघ्यांवर बसलेला, घोट्यापाशी अंगठा साडेसत्तावन्नवर, तो म्हणाला, "साठच, अबू उबैद." म्हातारा थोडा वेळ आरशात बघत राहिला. मग खाली न बघताच बोलला, "मास्टर, तुझा अंगठा वर्षागणिक जाड होत चाललाय." सैदालवी हसला होता. त्याला वाटले, म्हातारा त्याच्या सुटलेल्या अंगाची थट्टा करतो आहे. मग दोघांनी कॅफेटेरियातून मागवलेली सुलेमानी घेतली, आणि अबू उबैदने बशीत उतरलेला चहासुद्धा पिऊन टाकला.

आता, वही उघडी असताना, त्या बोलण्याने त्याच्या मनात कुठेतरी टाच टेकली. पण ती जागा त्याला सापडेना आणि त्याने फोन उचलला.

रुखिया अंगणात असावी. मागे कावळे ओरडत होते. त्याने सदऱ्याचा विषय काढायचा नाही असे ठरवले होते आणि पहिल्याच वाक्यात काढला. ती तिच्या त्या सरळ, वर न चढणाऱ्या आवाजात म्हणाली, "पहिल्या वर्षी दुमड सोडून दिली. दुसऱ्या वर्षापासून दुमड सोडूनही पुरेना." किती सदरे असे, त्याने विचारले. चार, ती म्हणाली. कपाटात आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. मला सांगितले का नाहीस? तर ती म्हणाली, सांगून काय झाले असते, तुम्ही तिथे रात्रंदिवस दुसऱ्यांचे शिवता, त्यातून वेळ काढून शिवलेले; आणि नौफलच म्हणाला, उप्पाला नको सांगू. मग बरणीला का गुंडाळलास? यावर कावळेच तेवढे बोलले. हाताला लागले ते घेतले, ती शेवटी म्हणाली. मऊ होते. ते खरे होते की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हते. घरात जुने टॉवेल तर ढिगाने होते, त्यानेच पाठवलेले.

नौफलला बोलाव, तो म्हणाला. आणि फोन समोरच्या खांबाला टेकवून ठेव. तू लांब हो.

मुलगा आला आणि चौकटीत मावला नाही. त्याला मागे, मागे, नारळाच्या बुंध्यापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे पाय दिसले. अनवाणी, मोठे, एकावर एक ठेवलेले. बाजारातला तयार टी-शर्ट अंगात. लांबून तो सैदालवीच्या वडिलांसारखा दिसत होता, ज्यांना नौफलने कधी पाहिले नव्हते. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते. उंच मुले उभी राहतात तसा तो थोडा वाकून, कोणाची तरी क्षमा मागत असल्यासारखा उभा होता. सैदालवीने विचारले, हाजीक्का आज कागद पाठवणार आहेत, येतोस ना? विचारल्यावर त्याला आपला स्वर ऐकू आला. तो त्याच्या भावाचा होता.

"येतो, उप्पा," मुलगा म्हणाला. ताबडतोब. छान बसला, उप्पा, हे तो ज्या सुरात म्हणे त्याच सुरात. आणि सैदालवीच्या बोटांना कॉलरच्या आतला तो लांब पांढरा टाका पुन्हा लागला, न ओढलेला.

मग त्याने सांगितले, घरातला टेप आण आणि उम्माला तुझे माप घ्यायला सांग. रुखियाला शिवणातले येत होते. तिने पाटावर चढून मुलाचा खांदा मोजला आणि ओरडून सांगितले, अठरा. लांबी बत्तीस. बाही पंचवीस. सैदालवीने वहीचे कोरे पान काढले, वर नाव लिहिले आणि एकेक आकडा सावकाश, पेन्सिल दाबून उतरवला. त्यात त्याच्या पदरचे काही मिळवायचे नव्हते. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "नौफल, जवळ ये. आता खरं सांग. मी रागावणार नाही."

चेहरा पुन्हा काचेत आला, फक्त चेहरा. मुलगा खाली बघत होता. तिरूरच्या तंत्रनिकेतनात तो विजेची यंत्रे शिकत होता. हे सैदालवीला ठाऊक होते, शेजाऱ्याचा मुलगा काय शिकतो हे जसे ठाऊक असते तसे. "एक वर्ष उरलंय, उप्पा," एवढेच तो म्हणाला. आणि इतके हळू, की रुखियाने मागून त्याच्या पाठीवर ठेवलेला हात दिसला नसता तर सैदालवीला वाटले असते की आपणच ते मनात म्हटले.

शटरखालची उन्हाची पट्टी मेजाच्या पायांपर्यंत आली होती. बाहेर गल्लीत वरच्या खिडक्यांच्या एसींचे पाणी थेंब थेंब पडत होते. त्या थेंबांखाली मांजरे येऊन बसत. तीन वीस झाले तेव्हा हाजीक्कांचाच फोन आला. प्रत आली नाही, ते म्हणाले. व्हिसाचा अर्ज भरणारा टायपिंगवाला बसून आहे. सैदालवीने सांगितले की मुलगा येणार नाही. का, असे त्यांनी विचारले, आणि त्याने शिक्षण पुरे होऊ दे म्हटले, जे खरे होते आणि तरी काहीतरी लपवल्यासारखे वाटले. हाजीक्कांनी सुस्कारा टाकला. ठीक, मग तुझ्याच व्हिसाची मुदत वाढवतो, दोन वर्षे, तुझा पासपोर्ट पाठव. ते इतक्या सहज म्हणाले, आणि आजवर चौदा वेळा ते इतक्याच सहज झाले होते, की होकार जवळजवळ त्याच्या ओठांवर आला. समोर आकाशी सदरा पसरलेला होता, हात फाकवून, पालथा पडलेल्या माणसासारखा. दोन वर्षे म्हणजे खांद्यात एक इंच, त्याच्या मनाने सवयीने हिशेब केला. पण नौफल आता वाढणार नव्हता. तो जेवढा व्हायचा तेवढा झाला होता, आणि ते होताना सैदालवी तिथे नव्हता.

"माझीही नको, हाजीक्का," तो म्हणाला. "कॅन्सल करा."

या गल्लीत हा शब्द सगळे बोलत. मेसमध्ये भात कच्चा राहिला तरी माणसे म्हणत, उद्याच कॅन्सल करतो. म्हणून त्या शब्दातला जीव गेलेला होता, आणि हाजीक्का तो जिवंत आहे का हे चाचपून बघत असावेत. मग ते म्हणाले, "गावी जाऊन काय करणार आहेस? नेसायचे मुंडू शिवणार? त्याला शिलाई तरी असते का?"

"ईदेचं काम पुरं करून जातो."

"ईदेनंतर बोलू."

"ईदेनंतर जातो," सैदालवी म्हणाला. "बोलायचं ते झालं."

फोन ठेवल्यावर काही हलके वगैरे वाटले नाही. उलट इतक्या वर्षांची ओणवी पाठ तिच्या पुऱ्या वजनानिशी त्याच्यावर येऊन बसली, आणि तो स्टूलवर टेकला. मेजाखालून बीरानचे डोके बाहेर आले. त्याने सगळे ऐकले होते. थट्टा करावी असे त्याच्या चेहऱ्यावर दोनदा आले आणि दोनदा मागे गेले. शेवटी त्याने खुंटीवरचा आपला टेप घेतला आणि म्हणाला, "जाताना अंगावरचा सदरा मी शिवणार, इक्का. उभे राहा."

सैदालवी म्हणाला, माझा पुठ्ठ्याचा नमुना कपाटावर आहे, त्यावरून काप. तो नमुना वीस वर्षांचा होता, खांदा अठरा. त्यावरूनच तो आपले सगळे सदरे कापत आला होता. स्वतःचा खांदा स्वतःला मोजता येत नाही, आणि दुसऱ्याला मोज म्हणावे असे कधी त्याला वाटले नव्हते. पण बीरानने ऐकले नाही. त्याने खांद्याला धरून त्याला आरशासमोर उभे केले, जिथे एकोणतीस वर्षे तो फक्त गुडघ्यांवर बसलेला दिसला होता. आरशात एक पिकल्या दाढीचा माणूस होता. सदऱ्याची शिवण त्याच्या खांद्यावरून ओघळून दंडावर आली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. पाठीमागे बीरानने टेपचे एक टोक या खांद्याच्या हाडावर ठेवले, दुसरे त्या हाडावरून पुढे आणले. त्याचा हात क्षणभर थबकला. आरशात सैदालवीला टेपवरचे उलटे आकडे दिसत होते, आणि ते उलटे वाचण्याची त्याला आयुष्यभराची सवय होती. अंगठा सतराच्या अलीकडे दाबलेला होता.

"अठरा," बीरान म्हणाला.

त्याचा आवाज साधा होता, शिकवला होता तसा, ना फार मोठा ना फार घाईचा. सैदालवी आरशात बघत राहिला. आणि काठी भिंतीला टेकवून, छाती काढून उभा राहिलेला अबू उबैद त्याच्या शेजारी येऊन उभा राहिल्यासारखे त्याला झाले. चौदा वर्षे दरवर्षी साठच ना असे विचारणारा, आणि खाली न बघणारा.

"बीरान," तो म्हणाला, "तुझा अंगठा जाड होत चाललाय."

बीरानने अंगठा उचलला नाही. बाहेर असरची अजान सुरू झाली आणि गल्लीतली शटरे एकामागून एक वर जाऊ लागली. त्या खडखडाटात त्याने डाव्या हाताने वही ओढली, नौफलच्या पानाच्या पुढचे पान उघडले आणि वर सैदालवीचे नाव लिहून त्याखाली अठरा लिहिले. मग खडू शोधत, मान खाली घालून, त्याने विचारले,

"आतून दुमड किती ठेवू, इक्का?"

"ठेवू नको," सैदालवी म्हणाला.